नगरच्या किल्ल्यातले लेखक

९ ऑगस्ट १९४२ च्या पहाटे मुंबईत काँग्रेस कार्यकारिणीची धरपकड झाली. गांधीजींना पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये नेले, कार्यकारिणीला अहमदनगरच्या भुईकोट किल्ल्यात. पुढाऱ्यांना कुठे ठेवले आहे हे सरकारने गुप्त ठेवले. सुरुवातीला वर्तमानपत्रे नव्हती, पत्रेही नव्हती. पटेल, नेहरू, मौलाना आझाद, गोविंद वल्लभ पंत, कृपलानी, शंकरराव देव, आचार्य नरेंद्र देव यांच्यासारखी बारा माणसे तिथे होती. बाहेर देश पेटला होता आणि त्यांच्या हाती काहीच काम उरले नव्हते.

आज पुस्तकांच्या दुकानात नोकरदारांसाठी वेगळे कपाट असते: नेतृत्व कसे करावे, कामाच्या ताणात मन कसे सांभाळावे, नवे कसे सुचावे. नगरच्या किल्ल्यात हेच प्रश्न जगण्याचे झाले होते. त्यांतून जी पुस्तके निघाली ती उपदेशाची नाहीत, म्हणूनच ती अशा कपाटात असायला हवीत.

नेहरूंनी आधी कुदळ हातात घेतली. फुलांचे वाफे करायचे म्हणून ते भर उन्हातही तासन्‌तास खणत. जमीन दगडगोट्यांची, जुन्या बांधकामाच्या ढिगाऱ्याने भरलेली. खणताना जुन्या भिंती लागल्या, घुमटांचे माथे लागले. एकदा तर भिंतीवर दगडात कोरलेले सुंदर कमळ निघाले. निजामशाहीच्या राजधानीचा हा किल्ला. चांदबिबीने १५९५-९६ मध्ये मोगलांविरुद्ध तो लढवला होता. पायाखालचा इतिहास असा हाताला लागत असताना, एप्रिल १९४४ मध्ये, नेहरू ‘डिस्कव्हरी ऑफ इंडिया’ लिहायला बसले. सप्टेंबरपर्यंत हाताने लिहिलेली सुमारे हजार पाने झाली. पुस्तकाच्या आरंभीच बंगालच्या दुष्काळाची वेदना आहे. माणसे अन्नावाचून मरत होती आणि ज्यांनी धावून जायचे ते कोठडीत होते.

मंडालेच्या तुरुंगात १९१०-११ च्या हिवाळ्यात टिळकांनी ‘गीतारहस्य’ असेच काही महिन्यांत लिहून काढले होते, पण ते एकट्याने. नगरला लेखकाच्या शेजारीच जाणकार बसलेले होते. हिंदी, उर्दू, बंगाली, गुजराती, मराठी, तेलुगू, ओडिया या भाषा आणि संस्कृत, पाली, अरबी, फारसीचे ज्ञान त्या एका बराकीत होते. आझाद, पंत, नरेंद्र देव आणि असफ अली यांचे ऋण नेहरूंनी प्रस्तावनेत नावानिशी मान्य केले आणि ग्रंथ सगळ्या सहबंदींना अर्पण केला. एवढा सलोखा रोज टिकत नव्हता. इतका काळ एकत्र कोंडलेल्या माणसांत खटके उडणारच, आणि नेहरूंच्या दैनंदिनीत ती चिडचिड उतरली आहे. तरीही हस्तलिखित एकमेकांसमोर ठेवण्याची सवय मोडली नाही. मला त्या बराकीतली सगळ्यात मोठी गोष्ट हीच वाटते.

आझादांची तऱ्हा वेगळी. ते पहाटे उठत, स्वतः चिनी चहा करत आणि मित्र हबीबुर्रहमान खान शेरवानी यांना पत्र लिहीत. ती पत्रे टपालात पडणार नव्हती, हे ठाऊक असूनही लिहीत. चहा, चिमण्या, संगीत, तत्त्वज्ञान, सारे त्यांत आले. एप्रिल १९४३ मध्ये त्यांच्या पत्नी जुलेखा बेगम कलकत्त्यात वारल्या. त्या आजारी असताना सरकारकडे सवलत मागण्याचा मार्ग होता, पण आझादांनी मागितली नाही. त्या दिवसांतही आपली दिनचर्या ढळू नये म्हणून मनाशी किती झगडावे लागले, ते त्यांनी एका पत्रात लिहिले आहे. ही पत्रे ‘गुबार-ए-खातिर’ नावाने १९४६ मध्ये छापली गेली. नेहरूंचा ग्रंथही त्याच वर्षी आला, आणि सहबंदी पट्टाभी सीतारामय्यांचे ‘फेदर्स अँड स्टोन्स’सुद्धा. हरेकृष्ण महताब यांनी किल्ल्यात ओडिशाचा इतिहास लिहिला.

मार्च-एप्रिल १९४५ मध्ये मंडळी वेगवेगळ्या तुरुंगांत पांगली. दोन-अडीच वर्षांतच नेहरू पंतप्रधान झाले, पटेल गृहमंत्री, आझाद शिक्षणमंत्री. पंत, महताब आणि प्रफुल्लचंद्र घोष आपापल्या प्रांतांचे कारभारी झाले. नरेंद्र देव सत्तेत गेले नाहीत. लखनौ विद्यापीठ आणि बनारस हिंदू विद्यापीठ यांचे कुलगुरुपद सांभाळत त्यांनी बौद्ध दर्शनाचा व्यासंग चालू ठेवला. वसुबंधूच्या ‘अभिधर्मकोशा’चे काम त्यांनी नगरच्या किल्ल्यात केले होते. त्यांचा ‘बौद्ध धर्म दर्शन’ हा ग्रंथ १९५६ मध्ये निघाला, त्याच वर्षी ते वारले, आणि पुढच्या वर्षी त्याला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला.