मलब्याची मालकी

पाडलेल्या इमारतीचा राडारोडा कमी करावा, दगड-विटा पुन्हा वापरात आणाव्यात, असे आज सांगितले जाते. सांगणे चुकीचे नाही. परंतु हा विचार जणू काल-परवा यंत्राबरोबर जन्माला आला असा जो आव आणला जातो, तो तपासून घेतला पाहिजे. या देशात जुन्या वास्तूचा दगड नव्या वास्तूत शतकानुशतके जात आला आहे. तो कोणाच्या वास्तूचा होता, कोणाच्या वास्तूत गेला आणि कोणाच्या डोक्यावरून गेला, हे मात्र क्वचितच विचारले गेले.

१७९४ साली काशीच्या राजाचा दिवाण जगतसिंग याने सारनाथचा धर्मराजिक स्तूप फोडला. हेतू धर्मद्वेषाचा होता की निव्वळ फुकटच्या विटांचा, यावर वाद घालण्यात अर्थ नाही. त्याला पेठ बांधायची होती. स्तूपात सापडलेल्या करंडकातील अस्थी गंगेत टाकल्या गेल्या आणि विटा जगतगंजच्या भिंतींत गेल्या. पुढे इंग्रजी अमदानीत तिथल्याच काही मूर्ती आणि कोरीव शिळा वरुणा नदीच्या पुलाला आधार म्हणून पाण्यात लोटण्यात आल्या. १८७३ साली कनिंगहॅम भारहुतला पोचला तेव्हा तिथला स्तूप आसपासच्या वस्तीच्या घरांत विखुरला होता. हडप्प्याच्या विटांनी तर लाहोर-मुलतान रेल्वेच्या सुमारे शंभर मैलांच्या मार्गाला खडी पुरविली. यालाही पुनर्वापरच म्हणायचे काय? वीट वाया गेली नाही हे खरे. पण विटेबरोबर एका समाजाची स्मृती वाहून गेली, तिचा हिशेब कोणी टनात मांडला नाही.

आपल्याकडचे उदाहरण घेऊ. सोपाऱ्याच्या ज्या टेकाडात १८८२ साली भगवानलाल इंद्रजींना स्तूप सापडला, त्याला गावकरी ‘बुरुड राजाचा कोट’ म्हणत. बुद्धाचे नाव लोप पावले, पण बुरुडाचे नाव टिकले. लोकस्मृतीने ही जागा एका खालच्या मानलेल्या जातीच्या हवाली करावी, ही गोष्ट मला पुराणवस्तूंइतकीच मोलाची वाटते. विदर्भात पवनीला १९६९-७० मध्ये नागपूर विद्यापीठ आणि पुरातत्त्व सर्वेक्षण यांनी उत्खनन केले, तेव्हा जगन्नाथ टेकडीखाली स्तूप निघाला. त्याच्या कठड्याच्या दगडांवर दान देणाऱ्यांची नावे ब्राह्मीत कोरलेली आहेत. बांधताना एकेका दगडाचे दान देणाऱ्याचे नाव राहिले. मोडताना पहार मारणाऱ्याचे नाव कुठल्याच मोडतोडीच्या इतिहासात नाही. जगतसिंगाचे नाव आहे, रेल्वेच्या इंजिनिअरांचे आहे, पाटीवाल्यांचे नाही.

ही माणसे कोण होती, हे ओळखायला मात्र फार शोधावे लागत नाही. मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायाने चांडाळांना गावाबाहेर घर, फुटकी भांडी, प्रेताची वस्त्रे आणि संपत्ती म्हणून कुत्री व गाढवे नेमून दिली. दुसऱ्याने टाकलेले वापरणे हा तिथे काटकसरीचा गुण नव्हता, ती शिक्षा होती. देशावरच्या गावगाड्यात पडक्या भिंतींची डागडुजी महारांच्या कामात मोडे. दगड फोडणे, माती वाहणे हे वडार आणि बेलदारांचे काम. आज या दोन्ही जमाती अनुक्रमे विमुक्त व भटक्या म्हणून सरकारी यादीत आहेत. देशभरचे किल्ले, धरणे, सडका ज्यांनी उभ्या केल्या, त्यांना राहायला पाल.

आता सालेकशाकडे येऊ. १ मे १९९९ पर्यंत हा भागही पवनीप्रमाणेच भंडारा जिल्ह्यात होता, त्यानंतर गोंदियात गेला. १८८०च्या दशकात इथून नागपूर-छत्तीसगड रेल्वेचे मीटरगेज रूळ गेले, आणि त्याच दशकाच्या अखेरीस बंगाल-नागपूर कंपनीने ते उखडून ब्रॉडगेज टाकले. झाडीपट्टीचे जुने घर मातीचे किंवा कुडाचे, वर कवेलू. ते पडले तर वाया काय जाते? भिंतीची माती भिजवून, भाताची तणस घालून, तुडवून पुन्हा भिंतीला लागते. सागाचे लाकूड दुसऱ्या घराला जाते, शाबूत कवेलू उतरवून रचून ठेवले जातात. चुन्यात बांधलेली वीटही ठोकली की मोकळी होते. सिमेंटच्या मसाल्यातली वीट सुटत नाही, ती फुटते. स्लॅब तर घणाशिवाय हलत नाही, आणि त्यातली सळई तेवढी भंगारवाला घेऊन जातो. राडारोडा, किंवा आमच्याकडे म्हणतात तो मलबा, वाढला तो या जोडकामामुळे. गोंड शेतकऱ्याला किंवा बौद्ध मजुराला काटकसर शिकविण्याची गरज पडली म्हणून नव्हे.

सिमेंटचे पक्के घर नको, असा याचा अर्थ कोणी काढू नये. गळक्या कवेलूखाली पावसाळे काढलेल्यांना मातीच्या घराचे गोडवे गाऊन दाखविणे हा शहरी पंडितांचा धंदा आहे. घरकुल मिळालेच पाहिजे. प्रश्न मोडकामाचा आहे. २०१६ साली केंद्राने पाडकामाच्या कचऱ्याचे नियम केले. दिवसाला वीस टन किंवा प्रकल्पामागे महिन्याला तीनशे टन कचरा करणाऱ्याने आराखडा द्यावा, असे त्यांत होते. २०२५ साली नवे नियम अधिसूचित झाले. अंमलाची तारीख १ एप्रिल २०२६ ठरली आणि उत्पादकाची जबाबदारी वीस हजार चौरस मीटर व त्याहून मोठ्या बांधकामांवर ठेवली गेली. सालेकशात असे बांधकाम शोधावे लागेल.

मजुराचा कायदा वेगळा होता. १९९६च्या बांधकाम कामगार कायद्याने ‘पाडणे’ हेही बांधकामच धरले. वर्षात नव्वद दिवस काम दाखविणाऱ्याला मंडळाकडे नोंद करता येऊ लागली. मात्र स्वतःच्या राहत्या घराचे दहा लाखांपर्यंतचे काम त्या कायद्याने बाहेर ठेवले. खेड्यातली बहुतेक घरे याच मर्यादेत बसतात. एकेका घराची दोन-चार दिवसांची मोडणी करून पुढच्या गावी जाणाऱ्या माणसाला नव्वद दिवसांचा दाखला कोणी द्यायचा, हे त्यामुळे घरमालकाच्या मर्जीवर राहिले.