क्रेयच्या शाळेतल्या तीन मुली

पॅरिसच्या उत्तरेला क्रेय नावाचे एक गाव आहे. कारखान्यांचे, मजुरांच्या वस्तीचे. १९८९ च्या सप्टेंबरात तिथल्या एका सरकारी शाळेच्या मुख्याध्यापकांनी तीन मुलींना वर्गात बसायला मनाई केली. दोघी बहिणी, मोरोक्कन घरातल्या. तिसरी ट्युनिशियन आईबापांची. गुन्हा एवढाच की त्या डोक्याला रुमाल बांधून आल्या होत्या आणि तो काढायला तयार नव्हत्या.

फ्रेंच राज्यक्रांतीला त्याच वर्षी दोनशे वर्षे झाली होती. देशभर उत्सव चालू होते. त्यात हे प्रकरण असे पेटले की नोव्हेंबरात पाच नामवंत विचारवंतांनी शिक्षणमंत्र्यांना जाहीर पत्र लिहिले आणि हे शाळेचे ‘म्युनिक’ ठरेल असा इशारा दिला. म्युनिक म्हणजे १९३८ साली हिटलरपुढे टेकलेले गुडघे. तीन शाळकरी पोरींच्या रुमालाला ही उपमा! पण पत्र लिहिणारी माणसे काही वेडी नव्हती. त्यांच्या मागे एक इतिहास होता, आणि त्यातला अर्धाच भाग ती सांगत होती.

सांगितला जाणारा अर्धा भाग असा. फ्रान्समध्ये चर्चच्या हातातून शाळा सोडवायला दीर्घ लढा द्यावा लागला. १९०५ च्या कायद्याने धर्म आणि राज्य वेगळे झाले. सरकारी शाळा ही त्या लढ्यातली मोठी कमाई, म्हणून तिच्या दारात धर्म पुन्हा दिसला की फ्रेंच माणूस दचकतो. हे समजण्यासारखे आहे.

उरलेला अर्धा भाग समुद्रापलीकडचा. अल्जेरिया १८३० पासून फ्रान्सच्या ताब्यात. १८६५ च्या फर्मानाने तिथला मुसलमान फ्रान्सचा प्रजाजन ठरला, पण नागरिक नव्हे; नागरिक व्हायचे तर त्याने आपला इस्लामी वैयक्तिक कायदा सोडायचा. म्हणजे ‘मुसलमान’ हा शब्द तिथे श्रद्धेपेक्षा दर्जाचा झाला, जवळजवळ जातीसारखा. आणि गंमत बघा, १९०५ चा कायदा अल्जेरियात कागदोपत्री लागू झाला तरी मशिदींवरचा आणि इमामांवरचा ताबा सरकारने सोडला नाही.

मग १९५८ चा मे महिना. स्वातंत्र्ययुद्ध ऐन भरात असताना लष्कराच्या आशीर्वादाने चौकाचौकांत सोहळे झाले. बायकांनी व्यासपीठावर येऊन बुरखा उतरवायचा आणि जमावाने टाळ्या वाजवायच्या. दोनच वर्षांनी मार्क गारांजे या तरुण सैनिकाला ओळखपत्रांसाठी खेड्यांतल्या बायकांचे फोटो काढायचा हुकूम झाला. दहा दिवसांत सुमारे दोन हजार. त्यांना डोक्यावरचे वस्त्र बाजूला करायला लावले होते. ते फोटो पुढे पुस्तकात आले. त्यातल्या बायकांचे डोळे एकदा पाहिले की ‘मुक्ती’ हा शब्द जपून वापरावासा वाटतो.

आपल्या गोव्याला हे सगळे अगदी परके नाही. अ. का. प्रियोळकरांचे इन्क्विझिशनवरचे पुस्तक ज्यांनी वाचले असेल त्यांना १७३६ चा हुकूमनामा आठवेल. बाटलेल्या गोवेकर पुरुषाने पुडवे नेसायचे नाही, बाईने चोळी घालायची नाही. सत्ता निराळी, काळ निराळा, हेतूही उलटा. तिथे धर्म लादायचा होता, इथे झाकायचा. पण दोन्हीकडे झडती अंगावरच्या कापडाची.

युद्धानंतरच्या काळात उत्तर आफ्रिकेतून पुरुष आले ते फ्रान्सच्या मोटार कारखान्यांत राबायला. १९७६ च्या आदेशाने कुटुंबे आणायचा रीतसर हक्क मिळाला आणि बायकामुले आली. त्यांना तोवर ‘परदेशी कामगार’ म्हणत. १९८२-८३ मध्ये त्यांनी पगारासाठी आणि मानासाठी संप केले, तेव्हा पंतप्रधान मोरवा म्हणाले की यांना धार्मिक गट चिथावतात. संप मजुरांचा, पण चर्चा इस्लामची. त्याच वर्षी त्यांची मुले समतेसाठी मार्सेयहून पॅरिसपर्यंत चालत गेली. शेवटच्या दिवशी लाखभर लोक जमले. सहा वर्षांनी क्रेय घडले आणि ‘मजुराची मुलगी’ कायमची ‘मुसलमान मुलगी’ झाली.

दुसरी बाजूही खरी आहे. १९९४ साली अल्जेरियात एका शाळकरी मुलीला डोके झाकले नाही म्हणून गोळ्या घातल्या गेल्या. पॅरिसच्या उपनगरांत भावांच्या आणि शेजारच्या पोरांच्या धाकाने जगणाऱ्या मुली होत्या, आणि त्यांच्यासाठी लढणाऱ्या उत्तर आफ्रिकी वंशाच्या बायकांपैकी काहींनी बंदीला मनापासून पाठिंबा दिला. त्यांना सरकारच्या हातातले बाहुले म्हणणे अन्यायाचे होईल. माझा आक्षेप निराळा आहे. धाक घालणारा मुलगा वर्गातच राहिला, बाहेर गेली ती मुलगी.

१५ मार्च २००४ चा कायदा संसदेत ४९४ विरुद्ध ३६ मतांनी संमत झाला होता. ठळकपणे दिसणाऱ्या धार्मिक खुणा सरकारी शाळांत बंद. त्याच्या झपाट्यात पगडी बांधणारी शीख मुलेही शाळेबाहेर पडली. त्यांतल्या बिक्रमजीत सिंग याच्या बाजूने २०१२ साली संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार समितीने निर्णय दिला, फ्रान्सने मात्र कायदा बदलला नाही. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात या बंदीनंतर मुसलमान मुलींचे माध्यमिक शिक्षण पूर्ण होण्याचे प्रमाण घटल्याचे दिसले.

आणखी एक प्रयोग सांगण्याजोगा आहे. २००९ साली संशोधकांनी नोकऱ्यांसाठी बनावट अर्ज पाठवले. दोघीही सेनेगाली आडनावाच्या, शिक्षण सारखे, अनुभव सारखा. एक मारी दियूफ, दुसरी खदिजा दियूफ. शंभर अर्जांमागे मारीला २१ बोलावणी आली, खदिजाला ८. कातडीचा रंग दोघींचा एकच धरलेला, म्हणजे फरक फक्त धर्माचा. आपल्याकडची कितीतरी घरे पोर्तुगीज पासपोर्टवर स्विंडनला गेली आहेत. नावाने दार कसे उघडते आणि कसे मिटते, ते त्यांना विचारावे.

क्रेयच्या त्या दोघी बहिणींनी अखेर डिसेंबर १९८९ मध्ये रुमाल काढला. मुख्याध्यापकांनी समजावून नव्हे, मोरोक्कोचे राजे हसन यांनी मध्यस्थी केली म्हणून. राजाचे डोके उडवणाऱ्या क्रांतीची दोनशे वर्षे साजरी करणाऱ्या देशात प्रश्न सोडवायला राजाच लागला, याकडे तेव्हा फारसे कोणी लक्ष दिले नाही.

२०२३ च्या सप्टेंबरात शाळा सुरू झाल्या तेव्हा अबायाही बंद झाला होता. पहिल्या दिवशी २९८ मुली तो घालून आल्या, ६७ जणींनी काढायला नकार दिला आणि त्यांना घरी पाठवले गेले. आता लांब झगा दुकानात कुणालाही मिळतो. तो नेमका कुठे संपतो आणि अबाया कुठे सुरू होतो, हे फाटकावर उभ्या असलेल्या माणसाने ठरवायचे कसे? बहुधा आत कोण आहे ते बघून.