एटीएम जाळ्यातील ट्रॅफिक शेपिंग

असिंक्रोनस ट्रान्सफर मोड (एटीएम) या दूरसंचार पद्धतीत विदा पाठविण्याचा वेग सेवाकरारातील मर्यादेत बसेल अशा रीतीने आधीच नियंत्रित करण्याच्या क्रियेस ट्रॅफिक शेपिंग असे म्हणतात. बँकेच्या एटीएम यंत्राशी या संज्ञेचा संबंध नाही.

स्वरूप

एटीएममध्ये विदा ५३ बाइटच्या सेलमधून जाते. त्यांपैकी ५ बाइट शीर्षकाचे व ४८ बाइट विदेचे असतात. संगणकाची विदा संथ धारेने न येता झोताझोताने येते. त्यामुळे बदलत्या वेगाच्या सेवेसाठी करारात प्रामुख्याने तीन राशी ठरविल्या जातात:

• पीक सेल रेट (पीसीआर) : उच्चतम वेग.
• सस्टेनेबल सेल रेट (एससीआर) : दीर्घकालीन सरासरी वेगाची मर्यादा.
• मॅक्झिमम बर्स्ट साइज (एमबीएस) : उच्चतम वेगाने लागोपाठ पाठविता येणाऱ्या सेलची कमाल संख्या.

एटीएम फोरमच्या १९९६ मधील ट्रॅफिक मॅनेजमेंट ४.० या विनिर्देशात या राशींच्या व्याख्या आहेत.

शेपिंग व पोलिसिंग

शेपिंग करणारे उपकरण जादा सेल काही काळ रोखून ठेवते व नंतर सोडते. त्यामुळे विलंब वाढतो, पण विदा टिकते. पोलिसिंग जाळ्याच्या प्रवेशद्वारी होते. तेथे मर्यादेबाहेरील सेलवर कमी प्राधान्याची खूण केली जाते किंवा तो टाकून दिला जातो. ही तपासणी गळक्या बादलीच्या तत्त्वावर चालते.

उदाहरण

पीसीआर सेकंदाला १,०००, एससीआर २५० व एमबीएस १०१ सेल असल्यास झोताची सहनमर्यादा (१०१ − १) × (१/२५० − १/१,०००) = ०.३ सेकंद येते. पहिल्या सेलपासून ०.१ सेकंदात १०१ सेल जाऊ शकतात. मात्र तेवढाच दुसरा झोत सुरू करण्यासाठी पहिल्याच्या आरंभापासून ०.४०४ सेकंद थांबावे लागते. अशा प्रकारे सरासरी २५० वरच राहते.

झोताच्या आकाराचे महत्त्व

१,५०० बाइटचे एक इंटरनेट पॅकेट एएएल-५ पद्धतीने ३२ सेलमध्ये विभागले जाते. त्यांतील एक सेल जरी गळाला, तरी संपूर्ण पॅकेट निरुपयोगी ठरते व बहुधा ते पुन्हा पाठवावे लागते. त्यामुळे शेपिंग नसताना एमबीएस फार लहान ठेवल्यास थोड्या सेलच्या हानीनेही प्रत्यक्ष वेग बराच घटतो.

महाराष्ट्रातील वापर

तांब्याच्या दूरध्वनी तारेवरील एडीएसएल ब्रॉडबँडमध्ये एटीएमचा वापर होत असे. भारत संचार निगमने (बीएसएनएल) २००५ मध्ये ब्रॉडबँड सेवा सुरू केली. बीड जिल्ह्यासह मुंबईबाहेरील महाराष्ट्रात बीएसएनएलच्या, तर मुंबईत महानगर टेलिफोन निगमच्या (एमटीएनएल) जोडण्या होत्या. मोडेममध्ये आभासी मार्ग व वाहिनी यांचे क्रमांक बीएसएनएलसाठी सामान्यतः ० व ३५, तर एमटीएनएलसाठी ० व ३२ असे भरावे लागत. अनेक मोडेमच्या त्याच पृष्ठावर पीसीआर, एससीआर व एमबीएस यांचेही रकाने असत. घरगुती जोडणी बहुधा वेगाची हमी नसलेल्या यूबीआर वर्गातील असल्याने ते सहसा शून्यच ठेवले जात. प्रकाशतंतूच्या प्रसारानंतर एटीएमचा वापर घटला; तथापि सरासरी वेग व झोताचा आकार या संकल्पना आजच्या इंटरनेट जाळ्यांतही वापरल्या जातात.