मालमोटार आणि गिऱ्हाईक : अकलूज परिसरातील एका धंद्याचा इतिहास

समाजाच्या उत्कर्षाचा इतिहास लिहिताना शेती, शिक्षण व नोकरी यांचा विचार आवर्जून केला जातो. परंतु शेतातला माल बाजारापर्यंत पोहोचविणाऱ्याची दखल सहसा घेतली जात नाही. एकाच मालमोटारीचा मालक आणि तोच तिचा चालक, अशा स्थितीत प्रपंच उभा करणारी माणसे अकलूज परिसरात पुष्कळ झाली. त्यांना मोटार मिळविणे कठीण गेले खरे. पण गिऱ्हाईक मिळविणे व राखणे त्याहून कठीण गेले. या धंद्याचे थोडक्यात समालोचन करण्याचा आमचा हेतू आहे.

मोटार येण्यापूर्वी दख्खनच्या पठारावरील दूरची मालवाहतूक लमाणांच्या तांड्यांवर चाले. बैलांच्या पाठीवर धान्य व मीठ लादून हे तांडे मुलूख तुडवीत आणि फौजांनाही रसद पुरवीत. पुढे लोहमार्ग आला. १८६० मध्ये तो सोलापुरास पोहोचला व १९०६ मध्ये बार्शी लाइट रेल्वेचा अरुंद मार्ग कुर्डुवाडीहून पंढरपूरपर्यंत गेला. नीराकाठचे अकलूज मात्र दोन्ही मार्गांपासून दूरच राहिले. त्यामुळे रेल्वेने अन्यत्र गाडीवानांचा धंदा बुडविला, तरी अकलूजच्या बैलगाडीला काम उरले आणि तिची जागा पुढे मालमोटारीने घेतली.

या कामाला खरी भरती आली ती पाटाच्या पाण्याने. नीरेच्या उजव्या कालव्याचे पाणी माळशिरस तालुक्यात खेळू लागले आणि उसाचे मळे उभे राहिले. १९३२ मध्ये सासवडच्या माळी शेतकऱ्यांनी आपला कारखाना स्थापन केला. त्याच्याभोवती माळीनगर वसले. १९३४ मध्ये चंद्रशेखर आगाशे यांनी बृहन्महाराष्ट्र शुगर सिंडिकेट स्थापिली व तिचा कारखाना श्रीपुरास निघाला. पुढे शंकरराव मोहिते-पाटील यांच्या पुढाकाराने यशवंतनगर येथे सहकारी कारखाना उभा राहिला. नीरेपलीकडे वालचंदनगर वसविणारे वालचंद हिराचंद यांनीच १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स स्थापन केली व तिच्या कारखान्यातून डॉज आणि फार्गो मालमोटारी बाहेर पडल्या. १९५४ पासून जमशेदपूरच्या टाटा-मर्सिडीज गाड्याही आल्या. ऊस पिकविणारा आणि ऊस वाहणारा असे दोन्ही वर्ग एकाच पाण्यावर वाढले, असे म्हणण्यास हरकत नाही.

तथापि गाडी दारात उभी राहिली म्हणजे धंदा उभा राहिला, असे नव्हे. १९३९ च्या मोटार वाहन कायद्याने भाड्याने माल वाहणाऱ्यास परवाना सक्तीचा केला. नवा अर्ज आला की जुने परवानेधारक हरकत घेऊ शकत. ज्याच्यामागे ओळख वा भांडवल नाही, अशा माणसाला या पायरीवरच तिष्ठावे लागे. १९८८ च्या कायद्याने परवान्याची वाट पुष्कळ मोकळी केली. पण त्याबरोबर गाड्याही वाढल्या आणि पूर्वी परवान्यासाठी होणारी ओढाताण आता भाड्यासाठी होऊ लागली.

कारखान्याची वाहतूक हे या भागातील सर्वांत मोठे आणि वरवर पाहता सर्वांत खात्रीचे गिऱ्हाईक होय. तोडलेला ऊस वाळू लागला की वजन व साखर दोन्ही घटतात. म्हणून हंगामात गाडीला क्षणाची उसंत नसते. पण या करारात एक मोठी जोखीम दडलेली आहे. तोडणी व वाहतूक यांचा करार करणारा गाडीमालक कारखान्याकडून आपल्या सहीवर उचल घेतो व ती ऊसतोड टोळीच्या मुकादमास देतो. टोळी आलीच नाही, तर मुकादमाकडील रक्कम बुडते आणि कारखान्याचे देणे मात्र गाडीमालकाच्या माथी राहते. गाडीचा हप्ता वेगळाच! शिवाय चैत्राच्या सुमारास धुराडी थंडावली की पुढचे कित्येक महिने हे गिऱ्हाईक नाहीसे होते. एकाच दारावर विसंबणारा मालक नावाचाच स्वतंत्र असतो, हा या इतिहासाचा पहिला धडा आहे.

दुसरा धडा पेठेतील आहे. हंगाम संपल्यावर गाडीवाला हुंडेकऱ्याकडे जातो. हुंडेकरी भाडे मिळवून देतो आणि आपली दलाली कापून घेतो. नवख्याला हा आधार हवाच. त्यात कमीपणा नाही. परंतु धूर्त गाडीवाला प्रत्येक खेपेत माल पाठविणारा व माल उतरवून घेणारा या दोघांशीही ओळख राखतो. सांगोल्याची डाळिंबे मुंबईच्या बाजारात पहाटे पोहोचली तर भाव. उन्हे वर आल्यावर पोहोचली तर पडेल तो दर. अशा मालाला पुन्हा तोच गाडीवाला हवा असतो, मग भाडे चार पैसे अधिक का पडेना. खताची वा सिमेंटची परतीची खेप बांधून ठेवणाऱ्यास जाण्याचे भाडे वाजवी ठेवता येते. रिकामी गाडी आणणाऱ्याचा नफा डिझेलमध्येच जळतो.

व्यापारी आपला माल परक्याच्या हवाली करतो, तो कशावर? १८६५ च्या वाहतूकदारांसंबंधीच्या कायद्याने गहाळ मालाची जबाबदारी वाहतूकदारावर टाकली होती आणि २००७ च्या कायद्याने त्याची जागा घेतली. पण कज्जा करण्यासाठी कोणी माल भरीत नाही. नग मोजून घेणे, ताडपत्री नीट आवळणे, बिल्टी जपणे, गाडी वाटेत नादुरुस्त झाली तर ती बातमी आपण होऊन कळविणे, यांतूनच पत निर्माण होते. २०१७ मध्ये वस्तू व सेवा कर आला, २०१८ पासून ई-वे बिल आले. भाडे आता भ्रमणध्वनीवरही ठरते. यंत्राने गिऱ्हाईक दाखविता येते. राखावे मात्र ज्याचे त्यानेच लागते.

आमच्या तरुण ज्ञातिबांधवांस एवढेच सांगणे आहे. ज्ञातीच्या ओळखीवर पहिली खेप मिळेल. दुसरी मिळणार नाही. गाडीसाठी कर्ज काढण्यापूर्वी हंगामाबाहेरच्या महिन्यांत कोणाचा माल वाहणार, याचा हिशेब वहीत मांडावा. तांडे गेले, गाडीवान गेले, परवान्याची मक्तेदारीही गेली. ज्यांच्या शब्दावर गावोगावच्या पेठांनी माल सोडला, ती घराणी मात्र प्रत्येक पालटात तरली. हप्ते फिटले म्हणजे गाडी आपली होते. ती पुढेही आपली राहावी असे वाटत असेल, तर गिऱ्हाइकाचा विश्वास दर खेपेला नव्याने मिळविला पाहिजे.