विद्यापीठ कितवे?

गेल्या जून महिन्यात आमच्या महाविद्यालयातील एक विद्यार्थिनी हातात छापील कागद घेऊन माझ्यासमोर उभी राहिली. बी. ए. ला प्रथम श्रेणी मिळालेली, आईवडील दरवर्षी दसऱ्यानंतर कोयता घेऊन कारखान्याकडे जाणारे. कागदावर देशातील विद्यापीठांची क्रमवारी होती. तिने विचारले, "सर, आपलं विद्यापीठ ह्यात कितवं हाय?"

मी यादीवरून बोट खाली खाली नेऊ लागलो. प्रश्नातला 'आपलं' हा शब्द मला आधी ऐकू आला आणि 'कितवं' नंतर. ह्या दोन शब्दांत जे अंतर आहे त्याचा इतिहास तिला कुणीतरी सांगायला हवा, असे त्या क्षणी वाटले. त्या दिवशी तो मला नीट सांगता आला नाही, म्हणून हा लेख.

प्रथम माझा स्वतःचा एक अनुभव नोंदवितो. मी आमच्या घराण्यातला पहिला पदवीधर. नेट उत्तीर्ण झाल्यावर एका मोठ्या शहरातील नामांकित महाविद्यालयात मुलाखतीला गेलो होतो. समितीतील एका सद्गृहस्थांनी माझी पदवी पाहिली, विद्यापीठाचे नाव वाचले आणि 'असं होय' एवढेच म्हणून फाईल खालच्या गठ्ठ्यात सरकविली. माझ्या विषयातला एकही प्रश्न त्यांनी विचारला नाही. विद्यापीठाच्या नावानेच माझी परीक्षा घेऊन टाकली होती. लौकिक म्हणतात तो असा चालतो. तो विद्यार्थ्याच्या आधी खोलीत शिरतो आणि त्याच्या वतीने बोलून मोकळा होतो.

हा लौकिक ठरतो कसा? त्याची जुनी रीत अशी की, जे विद्यापीठ जास्तीत जास्त मुलांना दारातून परत पाठवते ते मोठे. चाळणी जितकी बारीक तितके पीठ चांगले! पण चाळणीने फक्त आकार कळतो, धान्याचा कस कळत नाही, हे जात्यावर बसणाऱ्या आमच्या आयाबायांना ठाऊक होते. विद्वानांना मात्र ते अजून पटवून द्यावे लागते.

मुंबई विद्यापीठ १८५७ साली स्थापन झाले. ते लंडन विद्यापीठाच्या धर्तीवर परीक्षा घेणारे विद्यापीठ होते. शिकवायचे महाविद्यालयांनी आणि छाप मारायची विद्यापीठाने, अशी विभागणी होती. १८६२ साली पहिले चार बी. ए. बाहेर पडले: महादेव गोविंद रानडे, रामकृष्ण गोपाळ भांडारकर, बाळ मंगेश वागळे आणि वामन आबाजी मोडक. चौघेही बुद्धिमान होते, त्याबद्दल वाद नाही. पण ज्या जातींच्या मुलांना गावच्या शाळेच्या ओट्यावरही चढता येत नव्हते, त्यांच्यापैकी कितीजण ह्या चाळणीपर्यंत पोचले असतील? जे चाळणीत पडलेच नाहीत त्यांना 'नापास' तरी कसे म्हणावे? निवडीचा सगळा अभिमान अशा न झालेल्या परीक्षेवर उभा होता.

ही गोष्ट सर्वात आधी ओळखली ती महात्मा जोतीराव फुल्यांनी. १८८२ साली हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात त्यांनी सरकारला सरळ हिशेब मांडून दाखविला. महसूल शेतकरी-कष्टकऱ्यांच्या घामातून गोळा होतो आणि त्यातला पैसा वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणावर खर्च होतो. हा भाग आपल्या भाषणांतून नेहमी येतो. त्याच निवेदनातली दुसरी एक मागणी मात्र आपण विसरतो. विद्यापीठ प्रवेश परीक्षेला खाजगी रीतीने अभ्यास केलेल्या मुलांना बसू देते, ही गरिबांसाठी चांगली सोय आहे. तीच सवलत वरच्या पदव्यांनाही द्यावी, असे जोतीरावांनी सुचविले होते. दार थोडे उघडा, मग बघा कोण कोण आत येते, असा त्याचा अर्थ. १९८९ साली नाशिकला मुक्त विद्यापीठ निघाले तेव्हा ह्या मागणीला शंभराहून अधिक वर्षे होऊन गेली होती.

आणि आता गुणपत्रिकेकडे वळू. १९०७ साली भीमराव रामजी आंबेडकर नावाचा विद्यार्थी मुंबई विद्यापीठाची मॅट्रिक उत्तीर्ण झाला, तेव्हा त्याला ७५० पैकी २८२ गुण होते. शेकडा अडतीससुद्धा नाहीत. आजच्या कुठल्याही 'निवडक' म्हणविणाऱ्या संस्थेच्या पहिल्या यादीत, दुसऱ्या यादीत, शेवटच्या यादीतही हे नाव लागले नसते. बाबासाहेब अपवाद होते, असे कुणी म्हणेल. अपवाद होते हे खरेच. पण तो अपवाद आहे, हे १९०७ साली त्या गुणपत्रिकेवरून कुणाला वाचता आले असते? एल्फिन्स्टन कॉलेजचे दार उघडे राहिले, बडोद्याच्या महाराजांची दरमहा २५ रुपयांची शिष्यवृत्ती मिळाली, म्हणून १९१२ ची बी. ए. झाली आणि पुढचे कोलंबिया झाले, लंडन झाले. दारावर मोजलेल्या गुणांना ह्यातले काहीच दिसले नव्हते.

अभ्यासक्रमाचीही तीच कथा. संस्कृत हा विषय शाळेच्या यादीत होताच. पण ह्या मुलाला तो मिळाला नाही. त्याला पर्शियन घ्यावे लागले. तेव्हा कुठल्याही संस्थेच्या माहितीपत्रकात किती विषय छापले आहेत हे मोजून भागत नाही. ते विषय कुणाला मिळतात, हे विचारावे लागते.

पुढे बाबासाहेबांनी ह्या विद्यापीठाविषयी दोनदा महत्त्वाचे विचार मांडले. १९२५ साली विद्यापीठ सुधारणा समितीला दिलेल्या लेखी निवेदनात त्यांचा रोख असा होता की, नुसत्या परीक्षा घेणारी यंत्रणा म्हणजे विद्यापीठ नव्हे. तेथे अध्यापन आणि संशोधन एकत्र झाले पाहिजे. १९२७ साली मुंबई विधिमंडळात विद्यापीठ विधेयकावर बोलताना त्यांनी गरीब आणि गरजू माणसाच्या दारापर्यंत उच्च शिक्षण नेणे हे विद्यापीठाचे मूलभूत कार्य असल्याचे सांगितले. ही दोन मते शेजारी ठेवून वाचावीत. दर्जा हवा की प्रसार हवा, असा झगडा आपल्यापुढे नेहमी उभा केला जातो. बाबासाहेबांनी दोन्ही मागितले होते, आणि एकाच विद्यापीठाकडे.

ह्या कसोटीवर मराठवाड्याकडे पाहू. निजामी राजवटीत उस्मानिया विद्यापीठ १९१८ साली निघाले, माध्यम उर्दू. मराठी घरातल्या मुलाला पदवी घ्यायची तर हैदराबाद गाठायचे आणि परक्या लिपीत परीक्षा द्यायची. त्या मुलाला दुहेरी चाळणी होती. अस्पृश्य मुलाला तिहेरी. १९४८ साली राजवट संपली. त्यानंतर अवघ्या दोन वर्षांत, १९५० साली, पीपल्स एज्युकेशन सोसायटीने औरंगाबादला महाविद्यालय सुरू केले. तेच पुढचे मिलिंद महाविद्यालय. विद्यापीठ येण्याच्या आठ वर्षे आधी! मराठवाड्याच्या उच्च शिक्षणाचा इतिहास लिहिताना हा क्रम उलटा करण्याची सवय अनेकांना आहे, म्हणून साल लक्षात ठेवावे. १९५१ च्या सप्टेंबरमध्ये राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद कोनशिलेला आले होते. त्या नागसेनवनात म. भि. चिटणीस प्राचार्य होते, नंतर म. ना. वानखडे आले, गंगाधर पानतावणे शिकवीत होते. १९४४ साली बाबासाहेबांच्या प्रयत्नाने सुरू झालेली केंद्र सरकारची शिष्यवृत्ती घेऊन खेड्यापाड्यांतून मुले येत होती. आणलेली भाकरी वाळेपर्यंत पुरवून खात आणि वसतिगृहाच्या दिव्याखाली वाचीत. ह्याच परिसरातून 'अस्मितादर्श' उभे राहिले आणि मराठी साहित्याच्या शिष्ट व्याख्या ढवळून निघाल्या. चाळणीने नाकारलेल्या वस्त्यांतून एक नवे साहित्य यावे, हा कुठल्याही विद्यापीठाच्या परिसराला भूषण वाटावा असा पराक्रम आहे. तो कुठल्या रकान्यात भरायचा?

पाळणीटकर समितीच्या विचारविनिमयानंतर २३ ऑगस्ट १९५८ रोजी मराठवाडा विद्यापीठाचे उद्घाटन झाले, पंडित नेहरूंच्या हस्ते. लेण्यांच्या पायथ्याशी इमारती उठल्या. पाच जिल्ह्यांतील महाविद्यालये त्याला जोडली गेली. पुढची वीस वर्षे येथे थोडक्यात ओलांडतो.

२७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव देण्याचा ठराव केला आणि मराठवाड्यातील गावोगावची दलित वस्ती पेटविण्यात आली. पोचिराम कांबळे मारले गेले. माझ्या आजीचे छप्पर त्याच ऑगस्टमध्ये जळाले. ती मला सांगायची की, रात्री ज्वारीच्या रानात लेकरांच्या तोंडावर हात ठेवून बसलो होतो. मी एकदा तिला विचारले, "आज्जे, तुला विद्यापीठ काय असतं ते माहीत होतं का गं?" ती म्हणाली, "न्हाई बाबा. लई मोठी साळा आसंल आसं वाटायचं. बाबाचं नाव लागनार हाय, येवढंच ठावं." ज्या संस्थेत तिच्या सात पिढ्यांतले कुणी गेले नव्हते, तिच्या नावापायी तिचे घर गेले. सोळा वर्षांनी, १४ जानेवारी १९९४ रोजी, नामविस्तार झाला. त्याच्या आदल्या नोव्हेंबरमध्ये नांदेडला गौतम वाघमारे यांनी स्वतःला जाळून घेतले होते. त्याच १९९४ साली नांदेडला दुसरे विद्यापीठ होऊन मूळ विद्यापीठाचे क्षेत्रही विभागले गेले.

म्हणजे 'आपलं' हा शब्द त्या विद्यार्थिनीच्या तोंडी आयता आलेला नाही. मुलाखतीतील त्या सद्गृहस्थांनी जे नाव वाचून फाईल खाली सरकविली, त्या नावाची किंमत माझ्या आजीने मोजलेली होती.

आता क्रमवारी. केंद्र सरकारची राष्ट्रीय क्रमवारी २०१६ पासून निघते. विद्यापीठांसाठीचा तिचा अलीकडचा आराखडा मी काढून वाचला; विद्यार्थ्यांनीही वाचावा. शंभरातले तीस गुण अध्यापन व साधनांना, तीस संशोधनाला, वीस विद्यार्थ्यांच्या निष्पत्तीला, दहा समावेशकतेला आणि उरलेले दहा लौकिकाला. लौकिक म्हणजे मालकवर्ग आणि विद्वज्जन ह्यांना तुमच्याविषयी काय वाटते ते. समावेशकतेच्या दहांतही पुन्हा वाटण्या आहेत. परप्रांतातून व परदेशातून आलेल्या विद्यार्थ्यांना तीन. आर्थिक-सामाजिकदृष्ट्या दुर्बल विद्यार्थ्यांना दोन. नीट पाहा, लौकिकाला दहा आणि ऊसतोड्याच्या पोरीला दोन! शिवाय संलग्न महाविद्यालये वेगळी मोजली जातात. म्हणजे तालुक्याच्या गावी बसून जी हजारो मुले ह्या विद्यापीठाची पदवी घेतात, ती विद्यापीठाच्या हिशेबात जवळजवळ नाहीतच.

इथे थांबलो असतो तर लेख सोपा झाला असता आणि टाळ्याही मिळाल्या असत्या. पण मला आपल्याच लोकांशीही भांडायचे आहे. क्रमवारी पक्षपाती आहे एवढे म्हटले की आपण सुटलो, असे आपल्यापैकी अनेकांना वाटते. साठ गुण अध्यापनाला आणि संशोधनाला आहेत, ते तर बाबासाहेबांनी १९२५ सालीच मागितले होते. तिथे आपण कमी पडत असू तर दोष सगळा आराखड्याचा कसा? राज्यातील सार्वजनिक विद्यापीठांत आणि महाविद्यालयांत प्राध्यापकांच्या जागा वर्षानुवर्षे रिकाम्या राहतात. तासिका तत्त्वावर राबणारा तरुण एका गावचा तास संपवून दुसऱ्या गावची एस. टी. पकडतो. मी स्वतः चार वर्षे पकडली आहे. नव्या शैक्षणिक धोरणाने ऐच्छिक विषयांच्या लांबलचक याद्या आल्या. शिकवायला माणूस नसेल तर ती यादी म्हणजे खाणावळीच्या भिंतीवरचा जुना फळा, जे मागाल ते संपलेले. शिष्यवृत्ती वर्ष उलटल्यावर मिळाली, तर मधल्या काळात मूल काय खाते?

नाव मिळवायला सोळा वर्षे झुंजलो. १४ जानेवारीला प्रवेशद्वाराशी लाखो माणसे येतात, नमन करतात, पुस्तके विकत घेऊन जातात. एवढी माणसे आपल्या दाराशी जमावीत, असे भाग्य क्रमवारीतल्या कितव्या विद्यापीठाला आहे? पण त्या दारातून आत जाऊन ग्रंथालय रात्री किती वाजेपर्यंत उघडे असते, पाली विभागात किती जागा भरल्या, नाट्यशास्त्राला किती मुले आली, हे विचारणारे किती? नाव आपले म्हणून हिशेब मागायचा नाही, हा भक्तीचा मार्ग झाला. प्रश्न विचारणाऱ्या राजा मिलिंदाच्या नावाने जिथे महाविद्यालय चालते, तिथे तरी तो शोभत नाही.

त्या विद्यार्थिनीला मी काय सांगितले ते लिहितो. क्रमांक सांगितला नाही. तो तिने स्वतः नंतर शोधला असेल. तिला दोन विद्यापीठे परवडण्यासारखी होती, एक हे आणि एक लांबचे, जास्त लौकिकाचे. म्हटले, दोन्हीकडे जाऊन ये. तुझ्या विषयाला कायम शिक्षक किती आहेत ते विभागाच्या फळ्यावरून मोज. मागच्या पाच वर्षांत तिथून शिकून गेलेली तुझ्यासारख्या घरातली मुलगी शोध आणि तिला विचार. वसतिगृहात जागा कधी मिळते, जुलैत की दिवाळीनंतर, ते बघ. शिष्यवृत्तीचे पैसे किती महिन्यांनी येतात ते कार्यालयातल्या बाबूला नव्हे, चहाच्या टपरीवरच्या मुलांना विचार.

तिने हे सगळे त्या क्रमवारीच्या कागदाच्या पाठीमागे पेन्सिलीने उतरवून घेतले. मग म्हणाली, "सर, तितल्या लोकांनी म्हटलं की तू कोण इचारनार, तर?"

"विद्यार्थिनी आहे म्हणून सांग," मी म्हटले.

पुढच्या सोमवारी ती सकाळच्या गाडीने गेली. परत आल्यावर जे पाहिले ते सविस्तर लिहून दे, असे तिला सांगून ठेवले आहे. तिने दिले तर ह्याच पानांवर छापायला पाठवीन.