शुक्रावर राहिलेली याने

मंडळी, शुक्राची चांदणी कोणाला ठाऊक नाही? घरोघर घड्याळे नव्हती तेव्हा ती पूर्वेला वर आली की बाया जात्यावर बसत आणि गडी मोटेच्या तयारीला लागत. त्याच चांदणीवर आज माणसाच्या हातची काही याने पडून आहेत. ती तिथे कशी पोचली, याचा इतिहास ऐकण्यासारखा आहे.

शुक्र आकाराने जवळजवळ आपल्या पृथ्वीएवढा. पण त्याच्यावर ढगांचे जाड पांघरूण. दुर्बिणीतूनही जमीन दिसायची नाही. मग तर्कांना काय तोटा? कोणी म्हणे, खाली दलदल आणि रान असेल; कोणी म्हणे, सगळा समुद्रच असेल. १९६२ साली अमेरिकेचे मरिनर-२ हे यान जवळून गेले, आणि ग्रह फार तापलेला आहे असे दिसले. पण नक्की किती, आणि हवा किती दाट, हे खाली उतरल्यावाचून कसे कळावे?

ते काम सोव्हिएत रशियाने अंगावर घेतले. शुक्राला त्यांच्या भाषेत 'व्हेनेरा' म्हणतात. तेच नाव यानांना दिले. पेरणीला जसा हंगाम, तसा शुक्राकडे निघण्यालाही असतो, बरं का! तो सुमारे १९ महिन्यांनी एकदा येतो. चुकला की पुन्हा वाट पाहा.

१ मार्च १९६६ रोजी व्हेनेरा-३ शुक्रावर आदळले. दुसऱ्या ग्रहाला जाऊन लागलेली माणसाची ही पहिली वस्तू. पण तिची वाचा वाटेतच बसली होती. हाती काही आले नाही. १८ ऑक्टोबर १९६७ ला व्हेनेरा-४ हवाई छत्रीने उतरू लागले. दीड तास ते संदेश पाठवीत होते. तिथली हवा बहुतेक सारी कार्बन डायॉक्साइडची आहे, हे त्यानेच सांगितले. आणि जमीन पुष्कळ खाली असतानाच ते गप्प झाले. मे १९६९ मध्ये पाचवे आणि सहावे गेले. त्यांचे कवच अधिक मजबूत होते, तरी तीही अधांतरीच संपली.

एखादा म्हणाला असता, पुरे झालं! पण मॉस्कोजवळच्या कारखान्यातले मुख्य अभियंते गिऑर्गी बाबाकिन यांच्या मंडळींनी यातून एकच धडा घेतला: आपला अंदाज कमी पडतो आहे. म्हणून पुढचे यान त्यांनी पृथ्वीवरच्या हवेच्या १८० पट दाब सोसेल असे बांधले. वजन वाढले, तेव्हा उपकरणे कमी केली. उतरण्याआधी आतला भाग थंडगार करून ठेवला, म्हणजे खालच्या भट्टीत तेवढाच वेळ अधिक मिळेल.

१५ डिसेंबर १९७० रोजी हे व्हेनेरा-७ खाली आले. शेवटी छत्रीने दगा दिला, यान जोरात आपटले आणि आवाज बंद पडला. सर्वांना वाटले, हेही गेले. पण नंतर ध्वनिफिती बारकाईने तपासल्या, तेव्हा खरखरीत दडलेला अगदी क्षीण आवाज सापडला. आडवे पडलेले यान २३ मिनिटे बोलत होते! दुसऱ्या ग्रहाच्या जमिनीवरून आलेला तो पहिला निरोप. उष्णता निघाली सुमारे ४७५ अंश सेल्सिअस. शिसे ३२७ अंशांना वितळते, यावरून काय ते समजा. दाब आपल्या हवेच्या सुमारे ९० पट. म्हणजे अंगठ्याच्या नखाएवढ्या जागेवर ज्वारीचे भरले पोते ठेवावे तसा.

पुढची वाट मग मोकळी झाली. १९७२ साली व्हेनेरा-८ ने खाली छायाचित्र घेण्यापुरता उजेड आहे, असे कळवले. २२ ऑक्टोबर १९७५ ला व्हेनेरा-९ ने चित्र पाठवले. सपाट, धारदार कडांचे दगड दिसले. १ मार्च १९८२ ला उतरलेले व्हेनेरा-१३ अर्धा तास टिकावे म्हणून बांधले होते. ते १२७ मिनिटे टिकले आणि त्याने रंगीत चित्रे धाडली. चारच दिवसांनी व्हेनेरा-१४ उतरले. दोघांनीही जमिनीला भोक पाडून नमुना तपासला. चौदाव्याला सापडला तो बेसॉल्ट जातीचा खडक. आपल्या सह्याद्रीचा काळा पाषाण त्याच जातीचा.

१९८५ च्या जून महिन्यात वेगा नावाची दोन याने उतरली. उतरून बोललेली रशियाची याने अशी एकूण दहा झाली. त्यानंतर आजवर तिथल्या जमिनीवरून कोणाचा निरोप आलेला नाही. १९९० नंतर अमेरिकेच्या मॅजेलन यानाने रडारने ढगांखालचा नकाशा काढला, पण एवढ्या लहान वस्तू त्यात दिसणाऱ्या नव्हत्या. १९९१ साली सोव्हिएत संघराज्यही उरले नाही. याने मात्र जिथे उतरली तिथेच आहेत.

शिक्षक बंधुभगिनींना एक विनंती. शुक्र दिसेल तेव्हा मुलांना अंगणात बोलावून तो दाखवा, आणि व्हेनेरा-७ बरोबरच तिसऱ्या, चौथ्या, पाचव्या आणि सहाव्या यानाचीही गोष्ट सांगा. सातव्याचे कवच किती जाड हवे, हे चौथ्या, पाचव्या आणि सहाव्यामुळेच कळले.