पोलादपूरचा नाका ते फाशी: एक घटनाक्रम

या घटनाक्रमातला तरुण कल्पित आहे. माल मात्र खरा आणि तासही खरे, कारण ते कायद्यानेच मोजून दिले आहेत. २०२३च्या ऑगस्ट अखेरीस श्रीवर्धन, जीवना, हरिहरेश्वरच्या किनाऱ्यांवर चरसची पाकिटं वाहून आली होती. समजा, त्यातली दहा-बारा किलो एका पोराच्या हाती लागली आणि ती गाडीच्या डिकीत टाकून म्हसळा, माणगाव, महाड करत तो घाटाच्या दिशेने निघाला.

रात्री १.४०. पोलादपूरला नाकाबंदी. इथून एक रस्ता कशेडीने खेडला उतरतो, दुसरा आंबेनळीने महाबळेश्वरला चढतो. गाडी थांबते, डिकी उघडते. चरसची व्यापारी मात्रा एक किलोपासून सुरू होते, म्हणजे गुन्हा सिद्ध झाला तर किमान दहा वर्षं, जास्तीत जास्त वीस. पोराला यातलं काहीच ठाऊक नाही.

१.५५. एक छापील कागद पुढे येतो. अंगझडती राजपत्रित अधिकाऱ्यासमोर किंवा न्यायदंडाधिकाऱ्यासमोर घेण्याचा तुला हक्क आहे, हे एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थांच्या कायद्याच्या कलम ५० नुसार सांगणं बंधनकारक. रात्री दोनच्या सुमारास, कंदिलासारख्या पिवळ्या दिव्याखाली, चार वर्दीवाल्यांसमोर उभा असलेला माणूस काय म्हणणार? "तुम्हीच घ्या, साहेब." खाली सही. बलदेवसिंग खटल्यात (१९९९) सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने हा हक्क किती मोलाचा आहे ते सांगितलं, २०१०मध्ये जडेजा खटल्यात त्याचं काटेकोर पालन व्हायला हवं असंही बजावलं. पण हे संरक्षण अंगावरच्या झडतीपुरतं. आपल्या पोराचा माल डिकीत आहे, त्यामुळे त्याच्या उपयोगाचं ते फारसं नाही.

पहाटे ३.३०. पंचनामा. पंच कुठून आणायचे? उघडा असलेला ढाबा, नाहीतर ठाण्याच्या ओळखीतले कोणीतरी. वजन, नमुने, सील, सह्या. काही वर्षांनंतर साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभं राहून पंच सांगेल की "कोऱ्या कागदावर सही घेतली", किंवा सांगणार नाही. नमुने न्यायदंडाधिकाऱ्यासमोर घेतले जावेत, असं कलम ५२अ वाचून सर्वोच्च न्यायालयाने २०१६मध्ये मोहनलाल खटल्यात स्पष्ट केलं.

२४ तासांच्या आत. महाडच्या न्यायदंडाधिकाऱ्यांसमोर हजेरी. राज्यघटनेचं कलम २२ इथे बोलतं: चोवीस तासांत हजर करा, पसंतीचा वकील करू द्या. अजमल कसाबच्या अपिलावर २०१२मध्ये निकाल देताना सर्वोच्च न्यायालयाने आणखी एक गोष्ट पक्की केली. पहिल्या हजेरीच्या वेळीच आरोपीला विनामूल्य वकिलाच्या हक्काची जाणीव करून देणं हे न्यायदंडाधिकाऱ्याचं कर्तव्य आहे. ज्याच्याबद्दल देशात कोणालाच दया नव्हती, त्याच्या खटल्यातून बाकीच्या सगळ्यांना मिळालेला हा हक्क. रिमांडचं कामकाज मात्र दहा मिनिटांत उरकतं.

४८ तास. अटक आणि जप्तीचा अहवाल वरिष्ठांकडे जायला हवा. जातो.

७२ तास. गुप्त बातमी मिळाली असेल तर कलम ४२ नुसार ती लेखी नोंदवून इतक्या वेळात वरिष्ठांना कळवायची. नाकाबंदी भर रस्त्यावर होती, म्हणून हे कलम लागतं की सार्वजनिक जागेचं कलम ४३, यावर नंतर वकील भांडतील. २०२१च्या बूटासिंग निकालानुसार खासगी गाडी म्हणजे सार्वजनिक जागा नव्हे. पण ते भांडायला वकील असावा लागतो, आणि त्याने ठाण्यातली डायरी मागवलेली असावी लागते.

१८० दिवस. आरोपपत्राची मुदत. सरकारी वकिलाने अहवाल दिला तर ती वर्षापर्यंत वाढते. जामीन जवळजवळ नाहीच: आरोपी निर्दोष असावा असं मानायला वाजवी कारण आहे, हे कलम ३७ खाली खटल्याआधीच न्यायालयाला पटावं लागतं.

निकाल. माल ताब्यात होता हे सिद्ध झालं की गुन्ह्याचा हेतू गृहीत धरला जातो, आणि तो नव्हता हे आरोपीने सिद्ध करायचं. नूर आगा खटल्यात (२००८) सर्वोच्च न्यायालयाने ही उलटी जबाबदारी टिकवली, पण पाया आधी सरकारने रचला पाहिजे अशी अट घातली. पोराच्या घरच्यांनी जमीन विकून केलेला वकील दोन तारखांनंतर येणं बंद करतो. दहा वर्षं. अपील होत नाही.

माझ्या मते घात इथेच झालेला असतो. कारण कलम ३१अ हे पहिल्या शिक्षेवर उभं आहे. तोच माणूस सुटून पुन्हा सापडला आणि या वेळी चरस वीस किलो किंवा अधिक निघालं, तर शिक्षा फाशीपर्यंत जाऊ शकते. पहिला खटला लढताना कोणाच्याही डोक्यात फाशी नसते. म्हणून तो तितक्या जिवावर उदार होऊन लढला जात नाही.

मे १९८९. हे कलम कायद्यात आलं तेव्हा शब्द "शकते" असा नव्हता. दुसऱ्यांदा दोषी ठरला की मृत्यू, दुसरा पर्याय नाही. महाड तालुक्यातल्या रायगडावर टकमक टोक दाखवताना गुन्हेगारांना इथून ढकलत असं सांगतात; त्या आख्यायिकेतल्या राजालाही निदान विचार करायला जागा होती. आधुनिक न्यायाधीशाला नव्हती.

फेब्रुवारी २००८, मुंबई. एनडीपीएस विशेष न्यायालयात एका काश्मिरी माणसाला चरसच्या दुसऱ्या गुन्ह्यासाठी फाशी सुनावली जाते. शिक्षेवरची सुनावणी फौजदारी प्रक्रियेत असते: वय, घर, परिस्थिती, सुधारण्याची शक्यता. पण शिक्षा एकच असेल तर ती सुनावणी ऐकायची कशासाठी? खुनाच्या बाबतीत हाच प्रश्न १९८३मध्ये मिठू खटल्यात सुटला होता आणि भारतीय दंड संहितेचं कलम ३०३ रद्द झालं होतं. अमली पदार्थांच्या कायद्यात सहा वर्षांनी तीच सक्ती पुन्हा आली, जणू मिठू खटला झालाच नव्हता.

१६ जून २०११, मुंबई उच्च न्यायालय. इंडियन हार्म रिडक्शन नेटवर्कच्या याचिकेवर आनंद ग्रोव्हर यांनी युक्तिवाद केला होता. न्यायमूर्ती अजय खानविलकर आणि ए. पी. भंगाळे यांच्या खंडपीठाने सक्तीची फाशी घटनेच्या कलम २१ शी विसंगत ठरवली. कलम मात्र रद्द केलं नाही. फाशी "द्यावीच" ऐवजी "देता येईल" असं ते वाचायचं, एवढंच. २०१४च्या दुरुस्तीत संसदेने सक्ती काढली, पण मृत्युदंड ठेवला.

दुसरीकडे तास उलटे मोजले गेले आहेत ते अक्षरशः. सिंगापूरमध्ये २६ एप्रिल २०२२ रोजी एका मलेशियन तरुणाच्या आईची अखेरची याचिका फेटाळली, दुसऱ्या पहाटे त्याला फाशी दिली, त्याच्याकडे ४२.७२ ग्रॅम हेरॉइन सापडलं होतं. मलेशियाने स्वतः २०२३मध्ये सक्तीची फाशी सोडून दिली.

आता महाडकडे परत. २०२५मध्ये महाड एमआयडीसीतल्या एका कारखान्यातून केटामाइनचा मोठा साठा पोलिसांनी पकडला. कलम ३१अ च्या तक्त्यात केटामाइन नाही, मेफेड्रोनही नाही. अफू, हेरॉइन, कोकेन, चरस, मेथाक्वालोन आहेत. म्हणजे कारखान्यात रसायन बनवणाऱ्याला दुसऱ्या वेळीही या कलमाची भीती नाही. डिकीत समुद्राची पाकिटं घेऊन निघालेल्याला आहे. कायदा कोणापर्यंत पोचतो, ते तक्ता छापणाऱ्याच्या हाती.

आणि त्याच कलमात एक पोटकलम आहे. परदेशातल्या न्यायालयाने अशाच गुन्ह्यासाठी दिलेली शिक्षाही पहिली शिक्षा म्हणून धरली जाते, जणू ती भारतातल्या न्यायालयानेच दिली आहे. तिथे दुभाषा होता का, वकील मिळाला का, आरोपीला आरोप कळले का, याची चौकशी आधी झाली पाहिजे असं त्या पोटकलमात कुठेही लिहिलेलं नाही.